खलनायिकेची तेलाची वाटी

कार्तिक लागला की माझ्या नाकात उकळत्या कोशाचा वास येतो. राहते पुण्यात. इथे आसपास कोसा नाही, माग नाही, फार तर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी. तरी येतो. आणि वास घाण असतो, उगाच काव्य करणार नाही. रेशीम म्हटलं की लोकांचे चेहरे मऊ होतात. त्यांना एकदा भंडाऱ्याजवळ मोहाडीच्या आमच्या घरी, मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, सोडा घालून कोसे उकळायला ठेवलेल्या हंड्याजवळ बसवायला हवं. कोशाच्या आत किडा असतो. तो पाखरू होऊन बाहेर पडला तर कोसा फुटतो आणि धागा तुटतो, म्हणून त्याला आतच मारायचा. यात क्रूर काही आहे असं आमच्या घरात कोणाला वाटत नव्हतं. दिवाळी झाली, धान कापायला आलं, जंगलाकडून कोशाची पोती आली, हंडा चढला. मोसम म्हणजे एवढंच.

यंदा तो वास मला स्टुडिओत आला. मी परदेशी कार्टून सिनेमांचे मराठी संवाद लिहिते. चित्रातल्या तोंडाला बसतील असे शब्द शोधायचे, हे माझं काम. पडद्यावर ओठ मिटले की माझ्या वाक्यात तिथे प, ब, म असं काहीतरी यायला हवं, नाहीतर पात्र बोलतं एक आणि ऐकू येतं भलतंच. या वेळी हातात एका परीकथेवरचा सिनेमा होता. सावत्र आई मुलीला बर्फाच्या राजासाठी सदरा विणायला बसवते, तो पुरा होईपर्यंत खोलीबाहेर सोडत नाही. शेवटी मुलगी गोठलेल्या नदीवरून पळते, मागे बाई धावते, बर्फ तडकतो, बाई बुडते. आमच्या दिग्दर्शकांनी पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं आणि खलनायिका पटत नाही म्हणाले. उपायही त्यांनीच सुचवला. तिला अजून हसवा, म्हणाले, जरा भेसूर.

भेसूर हसणाऱ्या बायका मी पोत्यानं लिहिल्या आहेत. त्यात काही कष्ट नाहीत. कार्टूनवाले खलनायक इतका सोपा करून ठेवतात की मुलांवर उपकारच म्हणायचे. भुवया टोकदार, हनुवटी टोकदार, नखं टोकदार. टोकदार ते वाईट, गोल ते चांगलं. वाईट बाई खोलीत शिरली की दिवे मंद होतात आणि मागे ढोल वाजतो. पाच वर्षांचं पोरही आईच्या कुशीत शिरून तयार राहतं. खऱ्या घरात तसा ढोल वाजत असता तर आमची वनूताई वाचली असती.

वनूताई म्हणजे वनिता, माझ्या मोठेबाबांची मुलगी. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आमचं एकत्र घर, तीन माग, कोशाच्या करवतकाठी पातळांचा पिढीजात धंदा. वनूताईची आई ती रांगत असतानाच गेली. मोठेबाबांनी दुसरं लग्न केलं आणि तिरोड्याची मोठीआई घरात आली. मोठीआई गोल होती. चेहरा गोल, कुंकू गोल, आवाज तर असा की रडतं पोर तिच्याकडे दिलं की गप्प व्हायचं. तिला पोटचं मूल झालं नाही. सावत्र आई म्हणून गल्लीनं सुरुवातीला तिच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. चटका सापडेना, चापट सापडेना, उपाशी ठेवणं तर लांबच. आमच्या घरची रीत अशी की कोशाच्या मोसमात जी बाई धागा काढते तिला पहिलं ताट, पुरुषांच्याही आधी. मोठीआई वनूताईला स्वतः वाढायची, भातावर तूप जरा जास्तच ओतायची, आणि ती जेवेपर्यंत समोर बसून राहायची. पाहून पाहून गल्ली थकली. सावत्र असावी तं अशी, असं मग शेजारच्या बायका आपापल्या सुनांना ऐकवू लागल्या.

धागा काढणं म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर त्या तुपाचा अर्थ कळायचा नाही. उकळून मऊ झालेले चार-पाच कोसे पुढ्यात घ्यायचे, त्यांची टोकं एकत्र ओढायची आणि उघड्या मांडीवर तळव्यानं घासून पीळ द्यायचा. कपडा गुडघ्याच्या वर खोचलेला. तळवा खाली जातो, वर येतो, पुन्हा खाली, दिवसभर. कोसा अंगचाच खरबरीत, त्यात सोड्याचं पाणी. आधी कातडी लाल होते, मग सोलते, मग काळी पडते. उन्हाळा-पावसाळ्यात बरी होत आली की पुन्हा कार्तिक येतो. वनूताई सातवीत असल्यापासून बसत होती आणि तिचा धागा असा एकसारखा यायचा की गिऱ्हाईक पातळाला हात लावल्यावर आधी तेच विचारायचं, कोणाच्या हातचा. मोठेबाबा मागावरून मान वर न करता म्हणायचे, पोरीचा.

संध्याकाळी दिवा लागला की मोठीआई जवसाच्या तेलाची वाटी कोमट करून आणायची. वनूताईचा पाय आपल्या मांडीवर घ्यायची, कापसाच्या बोळ्यानं टिपत टिपत तेल लावायची, फुंकर घालायची. दुखून राहिलं का वं माय, असं विचारताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. खरं पाणी. मी समोर बसून पाहिलेलं आहे, ग्लिसरीन नव्हतं ते. आणि सकाळी तीच मांडी, तोच कोसा. आमच्या घरादाराची गफलत एवढीच झाली, की तेल दिसलं की आम्हाला माया दिसायची. सोललं कशानं हे कोणी विचारलं नाही, कारण ते काम होतं, आणि कामाला कोणी काय विचारतं. दुसऱ्या कुठल्या गावात एखाद्या पोरीच्या अंगावर तसला चट्टा दिसला असता तर चार माणसं जमली असती. आमच्या गल्लीत घरटी एक तसली मांडी होती.

मला आठवतो तो मोसम भंडाऱ्यातून फुटून गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यानंतरचा, चार-पाच वर्षांनंतरचा असेल. मी शाळेतली पोर. त्याच दिवाळीत आमच्याकडे केबल आली, आणि दुपारी हिंदीत बोलणारी परदेशी कार्टूनं लागू लागली. टीव्ही सपरीला लागून असलेल्या खोलीत. आम्ही पोरं जमिनीवर, वनूताई उंबऱ्याशी कोशाची टोपली घेऊन, हात चालू, डोळे पडद्यावर. त्या वर्षी ती बारावी झाली होती आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, नर्स व्हायचं. जाहिराती लागल्या की हात पुसून आमची नाडी पाहायची. माझ्या मनगटावर तिची बोटं गार आणि खरबरीत लागायची. हाडांची इंग्रजी नावं तिनं तिच्या मामाकडून आणलेल्या पुस्तकातून पाठ केली होती आणि आमच्या अंगाला बोट लावून लावून ती म्हणायची. भंडाऱ्याला जाऊन पांढरा ड्रेस घालायचा, बुटांचा आवाज करत वॉर्डातून चालायचं, हे ती इतक्यांदा बोलली होती की मलासुद्धा ते बूट दिसायचे.

एका दुपारी कार्टूनमधल्या सावत्र आईनं पोरीला तळघरात कोंडलं. मोठीआई मुरमुऱ्यांचं ताट घेऊन आली होती, उभी राहिली आणि बघता बघता कळवळली. कशी दगडाच्या काळजाची बाई आहे हे, म्हणाली, लेकराले अंधारात कोंडून ठेवते. पदरानं डोळे पुसले. आणि डोळे पुसता पुसता दुसऱ्या हातानं वनूताईच्या पुढ्यातलं कोशाचं रिकामं टरफल उचलून तिथे नवा कोसा ठेवला. वनूताईचा हात थांबलाच नाही.

ढोंगी माणूस खलनायक म्हणून फार कच्चा. त्याला आपलं ढोंग सांभाळावं लागतं, कुठेतरी तो थकतो, कुठेतरी पकडला जातो. मोठीआई ढोंगी नव्हती. तिला कार्टूनमधल्या पोरीची खरंच दया आली होती. आपल्याकडे पाहून तो सिनेमा काढलाय असं तिला कोणी सांगितलं असतं तर तिला आधी हसू आलं असतं आणि मग ताप. पटणाऱ्या खलनायिकेला आपण खलनायिका आहोत हे ठाऊक नसतं, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट याहून वाईट, ती म्हणजे तिचं बरोबर असतं. वनूताईच्या धाग्यावर घर चालत होतं हे खरंच होतं. मोठेबाबांना दम लागत होता हेही खरं. खोटं बोलायची मोठीआईवर कधी पाळीच आली नाही.

दिवाळीनंतर पवनीहून वनूताईचे मामा आले. भंडाऱ्याच्या नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागलं होतं, थोडे दिवस हातात होते, कागदपत्रं घेऊन जायचं आणि तिथेच वसतिगृहात राहायचं. मामांना वाटलं होतं भांडावं लागेल. ते छाती पुढे काढून आले होते. मोठीआईनं त्यांच्या हातावर साखर ठेवली. गल्लीत वाटली. रव्याचे लाडू वळले, वनूताईच्या पिशवीत आठवणीनं जवसाच्या तेलाची बाटली घातली. हसत हसत एवढंच म्हणाली की आमचा जिल्हा फुटला तवा माहं तिरोडा परजिल्ह्यात गेलं, आता लेक बी चालली. सगळ्यांचे डोळे ओले झाले. मामांची छाती तिथेच खाली बसली.

जायच्या सकाळी मामा अंगणात उभे. एसटी गावात यायला वेळ होता. वनूताई नवा सलवार-कुर्ता घालून, वेणी घालून, पिशवी खांद्याला लावून बाहेर आली, आणि सपरीत मोठीआई तिच्या जागेवर बसली होती. कोशाची टोपली पुढ्यात, लुगडं वर खोचलेलं. मोठीआईची मांडी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. जुनी, काळी, बैलाच्या खांद्याला जू घासून होते तसली. तिरोड्याला लहानपणी तीही बसली होती, आमच्या घरात आल्यावरही काही वर्षं बसली होती, मग वनूताईचा हात तयार झाला. सवय गेलेली. कातडी लगेच फाटली. धाग्याला रक्त लागलं आणि तो भाग तिनं दातानं तोडून टाकला. तोंडानं काहीतरी गुणगुणत होती.

मामांनी हाक मारली. मोठीआईनं मान वर केली आणि म्हणाली, "जाय माय, गाडी निघून जाईन. माही नको फिकर करू. माह्या मांडीचं काय, तिले सवय आहे."

त्या वाक्यात एकही वाईट शब्द नाही. मी आज धंद्यानं वाक्यं तोलते, तेव्हा सांगते. एकही नाही. वनूताई उभी राहिली, पिशवी खांद्यावरच. मग तिनं पिशवी उंबऱ्याशी ठेवली, मोठीआईच्या हातातून कोसे काढून घेतले आणि नव्या सलवारीचा पाय वर सरकवला. मामा अंगणातून ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एकटेच एसटीला निघून गेले. लाडू मात्र मोठीआईनं त्यांच्यासोबत दिले, पोरांसाठी.

मी तं जा म्हनलं, तिचाच पाय नाई निघाला, असं मोठीआई नंतर कितीतरी वर्षं सांगत राहिली. तेही खरं. पुढे वनूताईला स्थळं आली. पवनीचं आलं, लाखांदूरचं आलं, चांगली माणसं. मोठीआई प्रत्येकाला हो म्हणाली आणि प्रत्येकाला बाजूला घेऊन कळकळीनं सांगितलं की पोरीच्या पायाले लय त्रास आहे, तिले जपजा. माणसं चहा पिऊन गेली ती गेली. मोठीआई दर वेळी वनूताईच्या आधी रडली. रडणाऱ्या बाईला दोष कसा द्यायचा, ती कला आमच्या गल्लीत कोणाला येत नव्हती. खलनायिकेला उभं राहायला राक्षसांची फौज लागत नाही. चार शेजारणी पुरतात, तिचं कौतुक करणाऱ्या.

तर दिग्दर्शकांना हसू हवं होतं. मी म्हटलं, एक दिवस द्या. चित्र बदलणं आपल्या हातात नसतं, त्या टोकदार भुवया तशाच राहणार, पण बाईचं तोंड माझ्या ताब्यात होतं. मी सगळं हसू काढून टाकलं. धमक्या काढल्या. दार लावून घेताना ती मूळ भाषेत मुलीला शाप देत होती, तिथे ओठ दोनदा मिटत होते. मी लिहिलं, पोटभर जेवलीस ना. आवाज देणाऱ्या बाईंना सांगितलं की रागावू नका, खरंच विचारा, तिनं उपाशी झोपावं असं तुम्हाला मुळीच वाटत नाही. बाईंनी विचारलं. मग कडी लागल्याचा आवाज आला. काचेपलीकडे दिग्दर्शक हाताची घडी घालून उभे होते. म्हणाले की हे घाणेरडं आहे, आणि हेच ठेवू.

शेवट मात्र माझ्या हातात नव्हता. परीकथेवाल्यांना शेवटाची फार घाई. वाईट बाईला मारायचं, पण हिरॉईनच्या हाताला रक्त लागू द्यायचं नाही, म्हणून कडा कोसळतो, वीज पडते, बर्फ तडकतो. आमच्या मोहाडीत बर्फ कुठला. मोठीआईला लकवा झाला. आता तिचं खाणं, हगणं-मुतणं, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, सगळं वनूताई करते. चादर बदलताना तिचा हात इतका सफाईनं फिरतो की वॉर्डातल्या बायकांनी शिकून घ्यावं. घरात आमचे लोक थट्टेनं म्हणतात, नर्स व्हायचं होतं ना, झाली. वनूताईही हसते. मला त्या हसण्याचा राग येतो, आणि थट्टा करणाऱ्यांचा तर असा येतो की ताट भिरकावून द्यावं.

या दिवाळीनंतर मोहाडीला गेले तेव्हा सिनेमा लॅपटॉपवर मुद्दाम नेला होता. हंडा आता चढत नाही, धाग्याला यंत्रं आली, आमचा एकच माग उरलाय. भंडाऱ्याला उतरून मी आधी एका ठिकाणी चौकशी करून आले होते. रुग्णांची काळजी घेणाऱ्या बायकांसाठी सहा महिन्यांचं शिक्षण असतं, वयाची अट नाही, नंतर काम मिळतं. मोठीआईसाठी पगारी बाई ठेवायलाही मी तयार होते. वनूताईनं फक्त हो म्हणायला हवं होतं. आणि ती हो म्हणायची असेल तर तिला आधी दिसायला हवं होतं की आपलं काय झालं. वीस वर्षांत ते मला तिच्या तोंडावर बोलता आलं नाही. म्हटलं, सिनेमा बोलेल. ती तो आवाज ओळखेल, रागावेल, निदान एखादं भांडं आपटेल.

दुपारी जेवताना आम्ही तो लावला. मोठीआई आतल्या खोलीत झोपली होती. पोटभर जेवलीस ना, हे आलं तेव्हा वनूताई जरा हसली, ओळखीचं माणूस दिसल्यावर हसावं तशी. मी लॅपटॉपचा आवाज वाढवला. मुलगी खिडकीतून उतरून पळाली, तेव्हा वनूताईचा घास हातातच राहिला. बर्फ तडकला. बाई बुडताना वनूताईनं पदर तोंडाला लावला. पडदा काळा झाला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, आलं. उशिरा का होईना, आलं.

मी विचारलं, कशी वाटली दुष्ट बाई.

"दुष्ट?" ती म्हणाली. "ते तं माय होती वं तिची. कशी मायेनं बोलत होती. मले तं ते पोरगीच दुष्ट वाटली. माय बुडून राहिली अन् हे मांगं वळून बी नाई पाहात."

मग मी भंडाऱ्याचं काढलं. काढायला नको होतं, पण इतक्या लांबून आले होते. शिक्षण सांगितलं, बाई ठेवू म्हटलं, पैशाचं माझ्यावर सोड म्हटलं. वनूताईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रागावली नाही. माझ्या पाठीवर हात फिरवला, तो अजून खरबरीतच आहे.

"तुह्या मनात येते हे, तुही चूक नाई," ती म्हणाली. "तू बी तं त्या पोरीवानीच गेली पुन्याले. आम्ही कोनी तुले काही म्हनलं का?"

हे ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. मी पुरे म्हणत होते, आणि ती माझ्या ताटात आणखी भात वाढत होती.